शहाळं, कुर्ली आणि रक्तातलं पोटॅशियम

मार्चच्या अंकात याच पानावर मी लिहिलं होतं, ‘उन्हाळ्यात रोज एक शहाळं घ्या, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.’ दोनच ओळी होत्या. त्यानंतर जी पत्रं आली त्यातल्या पहिल्याच पत्रानं माझी झोप उडवली. म्हणून आजचं सगळं पान पोटॅशियमला देते आहे. पत्रं थोडक्यात देते. नावं नेहमीप्रमाणे देत नाही.

प्रश्न (गुहागर तालुक्यातून, एक सून) : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या. मधुमेह २० वर्षांचा, रक्तदाबही आहे. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, किडनी अशक्त झाली आहे, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) २.४ होतं. तुमचं लिखाण वाचून दीर वाडीतली दोन शहाळी रोज पाडून देऊ लागले. मीठ कमी करायला सांगितलं होतं म्हणून मी कमी सोडियमचं मीठ आणलं. तीन आठवड्यांनी सासूबाईंच्या पायांतलं बळच गेलं, देवघरातून उठता येईना. चिपळूणला नेलं तर पोटॅशियम ७.१ निघालं, असावं ३.५ ते ५. इन्सुलिन दिलं, डायलिसिस करावं लागलं. आता बऱ्या आहेत. नारळपाण्यानं असं होतं? आमचं कुठे चुकलं?

उत्तर : ताई, चूक तुमची नाही, माझी आहे. शहाळं कोणी घ्यायचं आणि कोणी नाही, हे त्या दोन ओळींत यायला हवं होतं. ते आलं नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि माझ्या वतीनं क्षमा मागा.

आपण खातो-पितो त्यातलं जवळजवळ सगळं पोटॅशियम रक्तात उतरतं. जास्तीचं बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडांचं. १०० भागांतले सुमारे ९० लघवीवाटे जातात, राहिलेले शौचावाटे. मूत्रपिंडं धडधाकट असली तर माणूस दोन शहाळी प्यायला काय आणि तीन प्यायला काय, काही तासांत सगळं निस्तरतं. ती दमली असली की पोटॅशियम मागे तुंबत जातं, पावसाळ्यात गाळानं भरलेल्या व्हाळातलं पाणी तुंबावं तसं.

आता तुमच्या घरचा हिशोब मांडते. मध्यम शहाळ्यात साधारण ३०० मिलिलिटर पाणी, म्हणजे ६०० ते ७०० मिलीग्रॅम पोटॅशियम. दोन शहाळ्यांचे झाले १३०० च्या आसपास. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. हा भाग चौथा हिस्सा धरला तर दिवसाच्या ५ ग्रॅम मिठातून आणखी ६५० मिलीग्रॅम. म्हणजे जेवणाव्यतिरिक्त जवळपास २००० मिलीग्रॅम रोज वरून येत होतं. आणि तुम्ही गोळ्यांच्या चिठ्ठीचा जो फोटो पाठवलात त्यात टेल्मिसार्टन आहे, स्पायरोनोलॅक्टोन आहे, आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी आहे. आपल्या शरीरात अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडांना ‘पोटॅशियम सोडा’ असा निरोप देत असतं. टेल्मिसार्टननं तो निरोप क्षीण होतो, स्पायरोनोलॅक्टोननं तो पोचतच नाही, आणि डायक्लोफिनॅक मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा कमी करतं. म्हणजे पाणी वरून वाढलं आणि खालची मोरीही बुजली. यातल्या एकट्या कशानंच आकडा ७.१ पर्यंत गेला नसता कदाचित. सगळी एकत्र आली.

तरीही टेल्मिसार्टन स्वतःच्या मनानं बंद करू नका. मधुमेहात ते मूत्रपिंडांचं रक्षण करतं. किती द्यायचं, स्पायरोनोलॅक्टोन ठेवायचं की नाही, हे तुमचे डॉक्टर पोटॅशियमचा आकडा पाहून ठरवतील. डायक्लोफिनॅक मात्र पुन्हा घरात आणू नका. गुडघ्यासाठी काय चालेल ते त्यांनाच विचारा.

साखर ठीक असताना इन्सुलिन का दिलं, हेही तुम्ही विचारलंय. पोटॅशियम इतकं वाढलं की भीती हृदयाची असते. ठोके मंद होतात, बिघडतात आणि एकदम थांबू शकतात, तेही आधी काही दुखलं-खुपलं नसताना. म्हणून डॉक्टर पहिल्यांदा शिरेतून कॅल्शियम देतात. त्यानं पोटॅशियम कणभरही उतरत नाही, पण हृदयाला थोडा वेळ कवच मिळतं. मग इन्सुलिन, कारण इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. साखर फार खाली येऊ नये म्हणून सोबत ग्लुकोज. एवढ्यानं वेळ मिळतो, पण पोटॅशियम शरीरातच राहतं. ते प्रत्यक्ष बाहेर काढलं डायलिसिसनं. त्या डॉक्टरांनी सगळं क्रमानं केलं आणि तुम्ही उद्यावर ढकललं नाहीत, म्हणून आज हे पत्र लिहिता आलं.

आता स्वयंपाकघर. शहाळं बंद, ते मीठ बंद. साधं मीठच, पण मोजून. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं, बराचसा भाग तिथेच निघून जातो. कुळथाचं कढण, पिठी, आमटीचा कट, सोलकढीची वाटी या आपल्या जिवाभावाच्या गोष्टी, पण त्यांच्यासाठी आता चव पाहण्यापुरत्या. तांदळाची पेज, भाकरी, दुधी, शिराळं, पडवळ, तवसं यांना हरकत नाही. फळांत अननसाची फोड, जांभळं, सफरचंद. हापूसची एखादी फोड दिलीत तरी चालेल. आंब्याच्या दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आंबा पूर्ण तोडणं मला जमत नाही, आणि तेवढ्यानं बिघडतही नाही.

एक फळ मात्र संपूर्ण वर्ज्य, ते म्हणजे करमळ. आपल्या परसात पाच धारांचं, कापलं की चांदणी दिसणारं ते आंबट फळ. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या माणसात त्यातलं विष मेंदूपर्यंत जातं. न थांबणारी उचकी, मग भ्रम, मग झटके. अर्ध्या फळानंसुद्धा असं झालेलं आहे. बिमल्यांचं सारही त्यांना नको. बिमल्यांत ऑक्झलेट फार असतं आणि उरलीसुरली मूत्रपिंडं त्यानं जायबंदी होतात.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून, निवृत्त शिक्षक, वय ७१) : रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. शेजारी म्हणतात पोटॅशियम कमी झालं, रोज तीन केळी खा. खाऊ का?

उत्तर : गुरुजी, एक केळं आवडीनं खा. मात्र या वयात रात्री येणाऱ्या गोळ्यांपैकी बहुतेकांत रक्तातलं पोटॅशियम अगदी ठीक असतं. लघवी होण्याची गोळी चालू असेल, जुलाब होत असतील, तर एकदा तपासून घ्या. नाहीतर झोपण्याआधी भिंतीला हात टेकून पोटऱ्यांना तीन-चार वेळा सावकाश ताण द्या आणि महिन्यानं मला कळवा.

प्रश्न (मालवणहून, बारावी विज्ञानची विद्यार्थिनी) : रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ असावं असं पुस्तकात आहे. इतकी थोडी वस्तू थोडी कमी-जास्त झाली तर माणूस मरतो, हे मला पटत नाही. शरीरात ते नेमकं करतं काय?

उत्तर : बाळ, तुला पटलं नाही हे फार बरं झालं. कारण पुस्तकातला तो आकडा शरीरातल्या पोटॅशियमचा नाहीच, फक्त रक्तद्रवातल्या पोटॅशियमचा आहे. ७० किलोच्या माणसात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. रक्तात लिटरमागे ४ मिलिमोल, तर पेशीत १४० च्या आसपास. सोडियमचं बरोबर उलटं, बाहेर १४० आणि आत १० ते १५.

तुमच्या धक्क्यावर उभी राहून समुद्राकडे बघ. त्या पाण्याच्या एका किलोत सोडियम साधारण १०.८ ग्रॅम आणि पोटॅशियम जेमतेम ०.४ ग्रॅम. आपल्या पेशींच्या बाहेरचं पाणी त्याच जातीचं आहे, सोडियमनं भरलेलं, फक्त समुद्रापेक्षा पुष्कळ सौम्य. प्रत्येक पेशी त्या खाऱ्या पाण्यात पोटॅशियम पोटात धरून बसली आहे. शरीरातल्या कितीतरी हालचाली या आत-बाहेरच्या फरकावर चालतात.

तो फरक आपोआप टिकत नाही. पेशीच्या पडद्यात एक पंप असतो. प्रत्येक फेरीत तो सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो, पोटॅशियमचे २ आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. तू शांत झोपलेली असतेस तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या पंपावर जातो.

आणि हा पंप सापडला कशात, तर कुर्लीत! डेन्मार्कमध्ये ऑर्हूस विद्यापीठात येन्स स्कौ नावाचे डॉक्टर होते. भूल देणारी औषधं नसांवर कशी काम करतात हे त्यांना समजून घ्यायचं होतं. त्यासाठी किनाऱ्यावरच्या कुर्ल्यांच्या पायांतल्या नसा काढून, वाटून ते प्रयोग करत. त्यात त्यांना असा एक विकर (एन्झाइम) सापडला, जो सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तेव्हाच जोरानं काम करतो. हे १९५७ मध्ये प्रसिद्ध झालं. रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं १९९७ मध्ये, तब्बल ४० वर्षांनी. कुर्लीचा नांगा फोडताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

आता तुझ्या शंकेकडे. पेशीच्या पडद्यात पोटॅशियमपुरत्या वाटा असतात. सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान, तरी त्याला त्यातून जाता येत नाही. ही वाट इतकी चोखंदळ कशी, हे रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये तिची रचना उलगडून दाखवलं आणि २००३ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. या वाटेनं थोडं थोडं पोटॅशियम बाहेर झिरपत असतं. बाहेर जाताना धन विद्युतभार घेऊन जातं, म्हणून पेशीची आतली बाजू ऋण राहते. नसांत हा दाब ७० मिलिव्होल्टच्या आसपास, हृदयाच्या स्नायूत ९० च्या आसपास. आता बाहेरचं पोटॅशियम ४ वरून ८ झालं असं समज. शरीरातल्या एकूण साठ्याच्या मानानं ही वाढ अगदी किरकोळ आहे. पण आत-बाहेरचं जे प्रमाण ३५ पट होतं ते एकदम साडेसतरा पट होतं, तो विद्युतदाब ढासळतो आणि हृदयाचे स्नायू ठोका पुढे पोचवू शकत नाहीत. आतल्या १४० मधून ४ कमी झाले तर कुणाला पत्ता लागत नाही. बाहेरच्या ४ मध्ये ४ वाढले तर जीव जातो.

हृदयाचं हे पोटॅशियमशी असलेलं नातं सिडनी रिंगर यांनी लंडनमध्ये १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर पाहिलं होतं. सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियम तिन्ही ठरावीक प्रमाणात असलेल्या पाण्यात ते हृदय शरीराबाहेरही धडधडत राहायचं. दवाखान्यात ‘आरएल’ची बाटली लावतात ना, त्यातला ‘आर’ म्हणजे हेच रिंगर. बाटलीवरचं लेबल वाच, पोटॅशियम तिथेही लिटरमागे ४ ते ५ च दिसेल.

आणखी एक, कारण हे तुझ्या घरातही घडत असेल. मृगाआधी भाताच्या तरव्यासाठी शेतात राब भाजतात, पालापाचोळा जाळून राख करतात. त्या राखेत पोटॅशियम असतं. युरोपात अशीच राख पाण्यात कालवून, ते पाणी भांड्यात आटवून खार काढत. भांड्यातली राख म्हणून तो ‘पॉटॅश’. त्या खारातून विजेच्या साहाय्यानं हम्फ्री डेव्ही यांनी १८०७ मध्ये धातू वेगळा केला आणि खाराच्याच नावावरून त्याला पोटॅशियम म्हटलं. ‘के’ हे चिन्ह कॅलियमवरून, आणि त्याचं मूळ अरबीत. तिथेही अर्थ वनस्पतीची राखच.

प्रश्न (हर्णैहून, एक आई) : मुलगा २४ वर्षांचा, होडीवर खलाशी. शिमग्यात रात्रभर पालखी नाचवली, दुसऱ्या दिवशी जेवून-बिवून दुपारभर झोपला आणि तिन्हीसांजेला उठायला गेला तर दोन्ही पाय हलेनात. शुद्धीवर होता, बोलत होता. सगळे म्हणाले बाहेरचं लागलं, पालखी नाचवताना काही चुकलं असेल. गाऱ्हाणं घातलं. रात्री हात पण लुळे पडले तेव्हा दवाखान्यात नेलं. पोटॅशियम २.१ म्हणाले. औषध दिलं, सकाळी चालत घरी आला. पुन्हा होईल का? तो समुद्रावर जातो, मला झोप नाही.

उत्तर : तुमचा जीव का टांगणीला लागलाय ते मला चांगलं कळतं, कारण असाच एक मुलगा मी १९९४ मध्ये पाहिला. माझ्या दवाखान्याचं ते दुसरं वर्ष. जुलैची रात्र, धो धो पाऊस, चार माणसांनी त्याला खुर्चीवर बसवून आणलं. दंडात तीन-तीन दोरे बांधलेले. मला वाटलं नसांचा मोठा आजार आहे, श्वास बंद पडेल. पण टाचणी टोचली की त्याला बरोबर कळत होतं, स्पर्श शाबूत होता, फक्त ताकद नव्हती. त्या वेळी तालुक्यात पोटॅशियम तपासायची सोयच नव्हती. ईसीजीचं मशीन होतं. पट्टी काढली तर नेहमीची टी लाट चपटी झालेली आणि तिच्या मागे एक जादा लाट, तिला यू लाट म्हणतात. ते पाहिलं आणि मी पोटॅशियमचं औषध पाण्यात कालवून घोट-घोट पाजायला सुरुवात केली. पहाटे त्यानं पायाचा अंगठा हलवला. त्याची आई आणि मी, दोघी रडलो.

तुमच्या मुलाचं झालं ते बहुधा हेच. याला थोड्या थोड्या काळानं येणारा लुळेपणा म्हणतात. हा मेंदूतला लकवा नव्हे, आणि देवाचा कोपही नव्हे. पालखी नाचवताना मुलाचं काही चुकलं नाही. या आजारात शरीरातलं पोटॅशियम संपलेलं नसतं, ते रक्त सोडून स्नायूंच्या पेशींत दडी मारून बसतं. खूप अंगमेहनत, तिच्यानंतरची गाढ विश्रांती आणि भात-गोडाचं भरपेट जेवण, या तिन्ही गोष्टी जुळल्या की हे घडतं. जेवणानं इन्सुलिन वाढतं आणि इन्सुलिन पोटॅशियम आत ढकलतं. वर गुहागरच्या आजींना हेच इन्सुलिन औषध म्हणून दिलं होतं ते आठवा.

पुन्हा होऊ शकतं. म्हणून आधी एक तपासणी करून घ्या, थायरॉईडची. टीएसएच, टी३, टी४. आशियातल्या तरुण पुरुषांत या लुळेपणामागे थायरॉईड वाढलेलं असणं हे एक मोठं कारण आहे. वजन उतरलंय का, हात थरथरतात का, छातीत धडधडतं का, घाम जास्त येतो का, हे त्याला विचारा. थायरॉईड निघालं तर त्यावर पक्का इलाज आहे आणि ते आटोक्यात आलं की हे झटके थांबतात. तोवर प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी झटके टाळायला मदत करते. त्याला दम्याचा त्रास नाही ना, हे पाहून डॉक्टर ती देतील. थायरॉईड नॉर्मल निघालं तर आजार घराण्यातला असू शकतो. मामा-काकांत कुणाला असं झालं होतं का, विचारून ठेवा.

तपासणी होईपर्यंत त्याला होडीवर पाठवू नका. सुकाणूवर किंवा जाळं ओढताना पाय गेले तर काय होईल ते मला लिहायची गरज नाही. तांडेलाला स्वतः जाऊन सांगा. आणि जेवण एका वेळी ताटभर न देता थोडं थोडं, गोड कमी. पोटॅशियमचं औषध मात्र घरी आणून मनानं पाजू नका. दडलेलं पोटॅशियम झटका ओसरताना परत बाहेर येतं, त्यात वरून पाजलेलं मिळालं तर आकडा उलट्या बाजूला जातो.

प्रश्न (राजापूर तालुक्यातून) : बाबांचं (६२) रक्त घरी येऊन नेलं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.३. त्यांना काहीच त्रास नाही, क्रिएटिनिन ०.९. आम्ही घाबरलो आहोत.

उत्तर : एवढा आकडा दिसला तर त्याच दिवशी ईसीजी काढून रक्त पुन्हा तपासायचं, त्रास असो-नसो. पत्र माझ्यापर्यंत यायला चार दिवस गेले, म्हणून मी तुम्हाला फोनच केला होता, आणि दुसऱ्यांदा तपासल्यावर ४.३ आलं हे आता आपल्याला माहीत आहे. इतर वाचकांसाठी कारण लिहिते.

रक्त काढताना दंडाला पट्टा फार वेळ आवळून ठेवला, मूठ पुन्हा पुन्हा मिटायला लावली, किंवा सुई बारीक असून जोरानं ओढलं, तर पेशींतलं पोटॅशियम नळीत उतरतं. आणि तुमच्याकडे जे झालं ते मी पूर्वीही पाहिलंय. रक्त नेणारा मुलगा मनापासून काळजी घेणारा. उन्हात खराब होऊ नये म्हणून त्यानं नळ्या थर्माकोलच्या पेटीत बर्फावर ठेवल्या, सुरमई ठेवावी तशा. मासळीला बर्फ हवाच, पण रक्ताच्या पेशींतला तो पंप थंडीत थंडावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. रात्रभरात आकडा वाढलेला. माणसाच्या अंगात सगळं ठीक, बदल झाला तो फक्त नळीत. पोटॅशियमसाठीचं रक्त बर्फावर ठेवायचं नाही आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवायचं. लांबच्या वाडीवर राहत असाल तर माणसालाच तालुक्याला नेलेलं बरं.

प्रश्न (श्रीवर्धनहून, रिक्षाचालक, वय ४५) : रक्तदाब १५०/९६. आगोटीला घरात सुकट, सुके बांगडे, मिठातले गरे, लोणची भरून ठेवतो, पावसाळा त्यावरच जातो. गोळी चालू केली आहे. पोटॅशियमनं रक्तदाब उतरतो असं ऐकलं. कमी सोडियमचं मीठ आणि पोटॅशियमच्या गोळ्या घेऊ का? घरी मी, बायको, दोन मुलं आणि ७४ वर्षांची आई.

उत्तर : भाऊ, ऐकलंत ते खरं आहे. पोटॅशियम पुरेसं मिळालं की मूत्रपिंडं सोडियम जास्त सोडतात आणि रक्तवाहिन्याही सैलावतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ३५१० मिलीग्रॅम पोटॅशियम आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपल्याकडे पावसाळ्यात नेमकं उलट होतं. खारवलेलं सगळं ताटात, आणि ताजी भाजी-फळं महाग म्हणून कमी.

गोळ्या नकोत. अन्नातून घ्या. केळ्यात साधारण ४०० मिलीग्रॅम, फणसाच्या १०० ग्रॅम गऱ्यांत ४५० च्या आसपास, काजूत १०० ग्रॅमला ६५० हून जास्त, पण काजू मूठभरच. आंब्याचं नाव मोठं, तरी १०० ग्रॅमला १७० च. रताळं, अळू, शेवग्याचा पाला, वाल, आणि सगळ्यांत स्वस्त म्हणजे कुळीथ. तुमची मूत्रपिंडं चांगली असतील तर कुळथाचं कढण प्या, भाजी उकडलेलं पाणी टाकू नका, आमटीत घाला. गुहागरच्या घराला मी तेच पाणी ओतून द्यायला सांगितलंय, तेव्हा हा सल्ला शेजारी कुणाला देण्याआधी त्याचे रिपोर्ट विचारा. सुके बांगडे दोन-तीन पाण्यांत भिजवून, पाणी टाकून मगच भाजा किंवा कालवणात घाला. आणि त्या दिवशी लोणचं नको.

मिठाबद्दल सांगायचं तर चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१,००० लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी पक्षाघात होऊन गेलेली किंवा साठी ओलांडलेली, रक्तदाब असलेली ही माणसं. अर्ध्या गावांत नेहमीचं मीठ, अर्ध्यांत ७५ टक्के सोडियम क्लोराईड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराईडचं. सुमारे पाच वर्षांत दुसऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे हे मीठ वाईट नाही, चांगलंच आहे, मूत्रपिंडं शाबूत असलेल्या मोठ्या माणसासाठी. जागतिक आरोग्य संघटनेनंही जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिफारस केली, पण मुलं, गरोदर बायका आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना वगळून. तुमच्या घरी दोन मुलं आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी साधंच मीठ वेगळं ठेवा. रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही; नावाच्या शेवटी ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ असेल तर मीठ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

तुमची स्वतःची क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासणी याच आठवड्यात करून घ्या. सोबत आईचीही करा. त्यांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत त्या मिठाची पिशवी फोडू नका.